मगदूम सरांचं घड्याळ

मगदूम सर त्या दिवशी उशिरा आले. पेशंट टेबलावर आडवा होता, सिस्टरांनी हत्यारं मांडून ठेवली होती आणि मी भुलीचं इंजेक्शन भरून त्यांची वाट बघत बसले होते. सर थिएटरच्या दारातून आत आले, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग स्वतःच्या मनगटाकडे बघितलं आणि जागच्या जागी थबकले. मनगट कानाशी नेलं, जरा हलवलं, पुन्हा कानाशी नेलं. मग घड्याळ काढून ठेवून हात धुवायला गेले.

मिरजेच्या त्या हॉस्पिटलात मी भूलतज्ज्ञ होते आणि डॉ. भूपाल मगदूम आमचे मुख्य सर्जन. त्यांच्या हाताखाली काम करायला लागून मला बरीच वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत सर उशिरा आलेले मी एकदाही पाहिले नव्हते. उलट आम्हीच त्यांच्या वक्तशीरपणाला टरकून असायचो.

ऑपरेशन आटोपल्यावर डॉक्टरांच्या खोलीत चहा घेताना त्यांनी ते घड्याळ माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. चालू होतं, पण पाऊण तास मागे.

"बंद पडलेलं असतं तर कळलं असतं," सर म्हणाले. "हे मधेच थांबतं आणि परत चालू होतं. माणसाला फसवतं."

घड्याळ साधंसुधं नव्हतं. सरांच्या साठीला त्यांच्या मुलानं, सन्मतीनं, जर्मनीहून पाठवलेलं ते स्विस घड्याळ होतं. त्याला सेल नव्हता, रोज किल्ली द्यायची गरज नव्हती. हात हलला की आतली अर्धगोल पट्टी फिरते आणि तिच्यामुळे स्प्रिंग आपोआप गुंडाळली जाते, अशी त्याची रचना. मागच्या बाजूला काच होती. सर सुरुवातीला कौतुकानं सगळ्यांना ती पट्टी फिरताना दाखवायचे. वॉर्डातल्या आयाबायांनासुद्धा.

पहिले सहा-आठ महिने सगळं ठीक चाललं. मग ते मागे पडायला लागलं, कधी बंदच पडायला लागलं. सरांनी ते पुण्याला दुरुस्तीला पाठवलं. तिथल्या लोकांनी उघडून, यंत्रावर लावून तपासलं आणि काही दोष नाही म्हणून परत पाठवलं. ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरसाहेब घड्याळ काढून ठेवत असतील, त्यामुळे त्याला पुरेशी हालचाल मिळत नसेल, एवढंच त्यांचं म्हणणं. म्हणून सर रात्री झोपतानाही ते हातात ठेवायला लागले. शिवाय रोज सकाळी ते तासभर चालायला जात, ऊन-पाऊस काही बघत नसत. एवढं चालून याचं पोट भरत नसेल तर हे घड्याळ कसलं, असं ते म्हणायचे. मग मधे हिवाळाभर घड्याळानं तक्रार केली नाही. सरही विसरले, आम्हीही विसरलो. आणि आता त्याचं बंद पडणं पुन्हा सुरू झालं होतं.

त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोरच पुण्याला फोन लावला. मगदूम सर फोनवर आवाज चढवतात हे मी पहिल्यांदा ऐकलं. समोरचा माणूस शांत असावा. आठवडाभर दुसऱ्या कुणाच्या तरी हातात घालून बघा, असं काहीसं त्यानं सुचवलं. सरांनी फोन ठेवला आणि घड्याळ माझ्याकडे सरकवलं.

"रेवती, तू घाल. तू दिवसभर या थिएटरातून त्या थिएटरात पळत असतेस. तुझ्या हातात बंद पडलं की मग बघतो मी त्यांच्याकडे."

कुसुमवहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, तेव्हा मुलीच्या बाळंतपणासाठी हुबळीला होत्या. घरी सर एकटेच. जेवणाखाण्याचे हाल होत असतील, म्हणून जरा जास्त चिडचिड होतेय, असं मी मनाशी म्हटलं आणि घड्याळ घेतलं.

ते माझ्या मनगटाला फारच मोठं होतं. मनगटावर बँडेजचे दोन वेढे घेऊन त्यावर मी ते चढवलं. सगळ्यांनी चेष्टा करून घेतली. आठवडाभर मी ते घालून माझी नेहमीची कामं केली, घरी कणीक मळली, स्कूटर चालवली. एकदाही थांबलं नाही. मोबाइलशी ताडून बघितलं तर किंचित पुढेच होतं.

शनिवारी मी ते सरांना परत केलं. सोमवारी ते बंद होतं.

"सर, याला बायकांचा हातच आवडतो," मी म्हटलं.

सर हसले नाहीत. काटे फिरवून वेळ लावली, घड्याळ हातात चढवलं आणि राउंडला निघाले. सोबत इरफान होता. डॉ. इरफान मुल्ला, आमचा तरुण सर्जन, सरांच्याच हाताखाली तयार झालेला. दोघं पुढे, मी मागे. लांबलचक कॉरिडॉर होता आणि समोरून कुणी येत नव्हतं. इरफान हातवारे करत काहीतरी सांगत होता. सर ऐकत चालले होते. त्यांचा उजवा हात नेहमीसारखा मागेपुढे हलत होता. डावा हात हलत नव्हता. कोपरात किंचित वाकलेला, बोटं अर्धवट मिटलेली, काखेत वर्तमानपत्र धरलं असावं तसा तो अंगालगत राहिला होता. घड्याळ त्याच हातात होतं.

मी तिथेच उभी राहिले.

चालताना एकच हात हलायचा थांबला तर डॉक्टरच्या मनात काय येतं, हे वेगळं सांगायला नको. हाताला कंप सुटायच्याही आधी दिसणारं ते लक्षण आहे. मी मनाची समजूत घालून बघितली. पण एकदा ते दिसल्यावर बाकीच्याही गोष्टी दिसायला लागल्या. हल्ली सरांना गाठ मारायला वेळ लागायचा. बरेचदा ते इरफानला सांगायचे, टाके तू घे. आम्हाला वाटायचं, पोराला शिकवतायत.

आणि त्याच शुक्रवारी सातगोंडा बिरनाळे यांचं ऑपरेशन होतं.

सातगोंडा सरांचे शाळेपासूनचे मित्र, समडोळी गावचे. सांगलीच्या बाजारात हळदीचे सौदे पुकारायचं काम करायचे. पोत्यांच्या थप्पीपुढे उभं राहून बोली पुकारायची, शंभर व्यापाऱ्यांच्या गलक्यात शेवटच्या माणसापर्यंत आवाज पोचला पाहिजे, असं ते काम. गळ्यातली थायरॉइडची गाठ वाढून श्वासनलिकेवर दाब येत होता, म्हणून ती काढायला हवी होती. त्या गाठीच्या मागून दोन्ही बाजूंनी आवाजाची नस जाते. दोऱ्याएवढी बारीक. ती दुखावली की आवाज गेला. सातगोंडांना पुण्याचं नाव सुचवलं, बेंगळुरूचं सुचवलं. त्यांचं एकच म्हणणं, भूपाल कापणार असेल तरच गळा पुढे करीन.

ते तीन दिवस माझे कसे गेले ते मलाच माहीत. हॉस्पिटलच्या विश्वस्तांना सांगावं असं मनात आलं. इरफानला सांगावं असंही वाटलं. पण सरांच्या पाठीमागे त्यांच्या हाताविषयी कुणाशी बोलायला जीभ रेटेना. शेवटी गुरुवारी संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले.

वहिनी आदल्याच दिवशी हुबळीहून आल्या होत्या. नात झाल्याचं सांगून त्या माझ्यासाठी लाडू आणायला आत गेल्या. सर व्हरांड्यात बसले होते. वहिनी येण्याआधी बोलून टाकावं म्हणून मी एकदम मुद्द्यावर आले. म्हटलं, उद्याचं ऑपरेशन इरफानला करू दे.

सरांनी कारण विचारलं.

"सर, घड्याळात बिघाड नाही. चालताना तुमचा डावा हात हलत नाही."

ते अगदी शांतपणे म्हणाले की त्यांचा डावा खांदा धरलाय, साठीत पुष्कळांचा धरतो. मी म्हटलं, तसंच असेल तर उत्तम, मला फक्त एकदा तुमचं मनगट फिरवून बघू द्या. तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"तू भूल देतेस. निदान करायला तुला कुणी बोलावलेलं नाही."

इतक्या वर्षांत ते माझ्याशी असं बोलले नव्हते. मला उठून जावंसं वाटलं. पण उद्या सकाळी टेबलावर सातगोंडा असणार होते आणि त्यांना झोपवणार होते मी. मी बसून राहिले. म्हटलं, तुम्ही उद्या सुरी हातात घेणार असाल तर मी भूल देणार नाही. सर म्हणाले, सांगलीहून दुसरा भूलतज्ज्ञ बोलावता येतो. मी म्हटलं, बोलवा, मग त्यालाही मी हेच सांगीन.

सर उठून उभे राहिले. त्यांच्याजवळ एक बिनतोड मुद्दा होता आणि तो त्यांनी माझ्यापुढे टाकला.

"हिवाळाभर हेच घड्याळ नीट चाललं ना? तेव्हा हात कुणाचा होता? हाच होता ना?"

क्षणभर मला वाटलं, आपलंच चुकलं असेल आणि देव करो तसंच असो.

वहिनी दारात उभ्या होत्या. हातात लाडवांची ताटली. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"मी किल्ली देत होते," त्या म्हणाल्या.

सरांनी वळून बघितलं.

वहिनींनी ताटली खाली ठेवली. मग बोलल्या, खाली मान घालून, एकेक वाक्य तोडत. बाजूची फिरकी फिरवूनही त्या घड्याळाला किल्ली देता येते, असं सन्मतीनं त्यांना फोनवर सांगितलं होतं. सर झोपले की त्या रोज हळूच ती फिरवायच्या. हुबळीला गेल्या तेव्हा ते राहिलं.

"बंद पडलं की तुम्ही दिवसभर हाताकडेच बघत बसायचा. मला ते बघवायचं नाही. म्हटलं, घड्याळ चालू राहिलं की झालं."

"हाताचं तुला माहीत होतं?" सरांनी विचारलं.

"काय झालंय ते माहीत नव्हतं. काहीतरी झालंय एवढं माहीत होतं. दिवाळीपासून तुमच्या उजव्या बाहीचं बटण मी लावते. तुम्ही बाही पुढे करता, मी लावते. आपण कधी बोललो त्याच्यावर?"

उजव्या बाहीचं बटण डाव्या हातानं लावावं लागतं. सर खुर्चीत बसले. त्यांनी घड्याळ काढलं आणि डावा हात माझ्यापुढे केला.

मी एका हातानं त्यांचं कोपर धरलं, दुसऱ्या हातानं मनगट फिरवायला लागले. त्यांना उजवी मूठ उघड-मीट करायला सांगावं लागतं. मी सांगायच्या आधीच त्यांनी ती सुरू केली. विद्यार्थ्यांना हे त्यांनीच शेकडो वेळा शिकवलं होतं. मनगट सरळ फिरत नव्हतं. अडखळत, टप्प्याटप्प्यानं फिरत होतं. माझ्या बोटांना लागत होतं ते त्यांनाही लागत असणार, कारण त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

"पार्किन्सन," सरच म्हणाले.

मी हात सोडला नाही.

त्यांनी विचारलं, कधीपासून असेल. मी म्हटलं, वर्ष झालं असावं, जास्तही असेल. मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्याची मला भीती होती. गेल्या वर्षात माझ्या हातून कुणाला काही झालं का? मी आठवून आठवून सांगितलं, नाही सर, अजून तरी नाही. वहिनी पदरानं तोंड दाबून आत गेल्या. सर उठले, सकाळी बघू म्हणाले, आणि तेही आत गेले. उद्या काय करणार ते त्यांनी सांगितलं नाही.

सकाळी मी पोचले तेव्हा सर आधीच आलेले होते. सातगोंडा हिरवा गाऊन घालून खाटेवर बसले होते आणि सर त्यांच्या शेजारी. इरफान पायथ्याशी उभा होता. त्याचा चेहरा बघून मला कळलं की त्याला सांगून झालंय.

"सातगोंडा, मी कापणार नाही," सर म्हणाले. "इरफान कापेल."

सातगोंडांनी खाटेखालच्या चपला पायानं चाचपल्या. म्हणाले, मग माझी कापडं द्या, मी घरला चाललो. सरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. मग स्वतःचे दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले आणि अंगठा न् तर्जनी भराभर एकमेकांवर आपटायला लागले. उजवी बोटं झरझर चालली. डावी सुरुवातीला चालली, मग मंदावली, अंतर कमी कमी होत गेलं आणि जवळजवळ थांबली.

"बघ," सर म्हणाले. "हा हात घालू तुझ्या गळ्यात?"

सातगोंडा त्या हाताकडे बघत राहिले.

"हे कवा कळलं तुला?"

"काल संध्याकाळी."

सातगोंडांनी इरफानकडे खालपासून वरपर्यंत नजर टाकली. मग पुन्हा सरांकडे बघितलं.

"तू हितंच ऱ्हाणार न्हवं?"

"तू जागा होईपर्यंत."

सातगोंडांनी चपला पायानंच पुन्हा खाटेखाली ढकलल्या.

मी भूल दिली. इरफाननं थायरॉइडची ऑपरेशनं पुष्कळ केली होती, पण एवढी मोठी गाठ नाही. सर समोरच्या बाजूला मदतनीस म्हणून उभे राहिले. उजवी बाजू नीट सुटली, नस दिसली, इरफाननं ती जपली. दरम्यान सरांनी डाव्या हातातला पकडायचा चिमटा सिस्टरच्या हातात दिला. मी ते पाहिलं. सिस्टरनं तो तसाच धरून ठेवला.

डाव्या बाजूला एक शीर सुटली. बघता बघता जखम रक्तानं भरली, आतलं काहीच दिसेना. इरफाननं झटकन रक्त थांबवायचा चिमटा उचलला. तो अंदाजानं लावला असता आणि नेमका नसेवर बसला असता, तर सगळंच संपलं असतं.

"चिमटा खाली ठेव," सर म्हणाले. आवाज अगदी हळू, रोजच्यासारखा. "बोटानं दाब. नुसतं दाबून धर. बघायचं नाही, उचलायचं नाही."

इरफाननं बोट दाबून धरलं. त्याच्या कपाळावरचा घाम सिस्टरनं टिपला. मशीनचा टिक टिक आवाज तेवढा येत होता. एकदा त्यानं बोट उचलायला घेतलं तर सर म्हणाले, अजून नाही. मग मला विचारलं, रेवती, पेशंट कसा आहे? मी म्हटलं, छान आहे सर, घाई नाही. खरं तर रक्तदाब थोडा खाली आला होता. ते मी माझ्या बाजूनं सांभाळत होते.

"आता उचल. हळू."

रक्त थांबलं होतं. सुटलेली शीर दिसत होती आणि तिच्या अगदी लगत पांढरा दोरा. ती नस. इरफाननं शीर बांधली. गाठ मारताना त्याच्या श्वासाचा आवाज मला मास्कमधून ऐकू येत होता.

सातगोंडांना जाग आल्यावर मी घशातली नळी काढली आणि नाव विचारलं. काहीतरी खरखरलं. भांडं घासावं तसा आवाज. इरफानचा चेहरा पांढराफटक पडला. सर म्हणाले, सूज आहे, थांबू. आणि आम्ही थांबलो. एक आठवडा, दोन आठवडे, महिना. इरफान रोज सकाळी सातगोंडांना फोन करायचा. तब्येत विचारायचं नुसतं निमित्त, खरं तर आवाज ऐकायचा असायचा. सरांनी थिएटरचं काम सोडलं होतं. औषधं सुरू झाली होती. पण ते रोज हॉस्पिटलला यायचे, मुलांना शिकवायचे, आणि निघताना इरफानला विचारायचे, आज कसा वाटला?

नव्या हळदीचे सौदे सुरू झाले तेव्हा सातगोंडांनी आम्हाला बोलावलं. इरफानच्या गाडीतून आम्ही तिघं सांगलीला गेलो. सगळीकडे पिवळी धूळ, पोत्यांच्या रांगा, माणसांची रेटारेटी. सातगोंडा थप्पीपुढे उभे राहिले. पहिली बोली पुकारताना आवाज मधेच फाटला. व्यापाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांनी खाकरून पुन्हा पुकारलं, आणि या वेळी तो आवाज आमच्या डोक्यावरून पार पलीकडच्या गेटापर्यंत गेला. इरफान पोत्यांच्या आडोशाला जाऊन रुमाल शोधत राहिला.

परतताना तो गाडी चालवत होता, सर त्याच्या शेजारी. सांगली मागे पडल्यावर सर म्हणाले, "त्या दिवशी तुला दाबून धरायला सांगितलं ना, तेवढा वेळ या हातानं मला धरता आलं नसतं. मी चिमटाच लावला असता."

इरफाननं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि बंद केली. दोन्ही बाजूंनी उसाचे ट्रॅक्टर जात होते. पाच-सहा गेल्यावर सर म्हणाले, "चल आता. उद्या तुला लवकर यायचंय."